तेवढं लिहा, बाई

मंडईत श्रावणघेवडा निवडता निवडता मंदाकिनीबाई परचुरेंचा हात थबकला तो एका हाकेनं. "बाई, ओळखलं का?" ओळखायला मागं वळायची गरज नव्हती. हा आवाज त्यांनी नऊ महिने कानाआड केला होता आणि तो नऊ महिने कानातच मुक्काम ठोकून होता. वळल्या तर कांताबाई ओव्हाळ उभ्या. पांढरं लुगडं, निळी किनार, पिशवीतून बाहेर आलेला मुळ्याचा पाला, आणि काखेत प्लास्टिकच्या पिशवीत जपून धरलेले कागद. "जय भीम," कांताबाई म्हणाल्या. "नमस्कार, नमस्कार," मंदाकिनीबाईंनी उगाचच दोनदा म्हटलं. "वाघोलीहून लवकरच निघाले. बशीचा भरवसा न्हाई. आज तीनला सुनावनी हाय, तुमाला कागद आला आसंल." "आलाय." "वही हाय ना अजून?" इतकंच विचारलं त्यांनी, शेजारणीकडे राहिलेलं आपलं पातेलं मागावं तसं. मंदाकिनीबाई म्हणाल्या, "बघते." हे उत्तर नव्हे हे दोघींनाही कळलं. "बघा. मला ती लिपी वाचता येत न्हाई. तुमच्याबिगर कुनालाच येत न्हाई म्हनत्यात," असं म्हणून कांताबाई गर्दीत मिसळल्या. भाजीवाली म्हणाली, "अहो, शेंग मोडून झाली असेल तर घ्या आता, नाहीतर बाजूला व्हा." मंदाकिनीबाईंनी पाव किलोऐवजी अर्धा किलो घेतला आणि निघाल्या.

तुमच्याबिगर कुणालाच येत नाही. हे वाक्य कुणी वर्षभरापूर्वी म्हटलं असतं तर त्यांनी ते घरी येऊन नवऱ्याला सांगितलं असतं, वर चहाही केला असता. मिनिटाला एकशे वीस शब्द, मराठी लघुलेखन, सदाशिव पेठेतल्याच एका क्लासात शिकलेलं. त्या क्लासात आता संगणक बसवलेत आणि बाहेर अमेरिकेच्या झेंड्याचं चित्र आहे. पूर्वभाग विकास मंडळात त्या एकोणतीस वर्षं सभेच्या टेबलाशी बसत होत्या. मंडळ म्हणजे नगर रस्त्याच्या दोन्ही अंगांनी पसरलेल्या गावांचं आणि वस्त्यांचं, निवडून आलेल्या तीस सदस्यांचं. पूर्वी सभा पाण्याच्या टाकीवर आणि गुरांच्या कोंडवाड्यावर व्हायच्या, तेव्हा सदस्य झोपायचे. मग खराडीकडे काचेच्या इमारती उभ्या राहू लागल्या, एकरांचे भाव गुंठ्याला आले, आणि सभेत कुणी झोपेनासं झालं. मंदाकिनीबाई मात्र त्याच होत्या. सदस्य काहीबाही बोलायचे, एकमेकांची आयमाय काढायचे, आणि दुसऱ्या दिवशी इतिवृत्तात यायचं, 'सन्माननीय सदस्यांनी तीव्र नापसंती व्यक्त केली.' सभा संपली की सदस्य त्यांच्या टेबलाशी रेंगाळायचे. "बाई, माझं भाषण जरा नीट करा हां." त्या करायच्या. त्यात त्यांना पाप वाटत नव्हतं, उलट आपण ह्या माणसांना अंघोळ घालतो, असं त्या मनाशी म्हणायच्या. इतकी वर्षं अंघोळ घालून माणसं स्वच्छ झाली नाहीत, हा भाग वेगळा.

लक्ष्मी रस्ता ओलांडताना स्कूटरवाल्यानं त्यांच्या नावानं काहीतरी उद्धार केला, तो त्यांनी सवयीनं मनात नीटनेटका करून घेतला. गणपती होऊन पंधरा दिवस झाले होते तरी मांडवाचे खड्डे अजून बुजवलेले नव्हते. चालताना त्या स्वतःला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होत्या. वहीत आहे. इतिवृत्तात आलं नाही, पण वहीत आहे. नऊ महिने त्या झोपल्या त्या ह्याच उशीवर. डिसेंबरातली ती सभा. मंडळाच्या मुख्याधिकाऱ्यांनी प्रस्ताव आणला होता, की प्रत्येक सदस्यानं स्वतःच्या आणि नातेवाइकांच्या नावावरच्या, मंडळाच्या हद्दीतल्या जमिनींची यादी बाहेरच्या तीन माणसांच्या समितीपुढे ठेवावी, कारण आयटी पार्कचा नकाशा जाहीर होण्याच्या आधी सदस्यांच्या मेव्हण्यांना आणि साडवांना तिथली शेतं कशी काय आवडायला लागली, हे लोक विचारत होते. सभागृह खवळलं. निवडून आलेल्या माणसाला प्रश्न विचारायचा म्हणजे मतदाराचा अपमान, असं एक जण म्हणाला. दुसऱ्यानं लोकशाहीचा गळा कोण घोटतंय ते सांगितलं. तिसरा म्हणाला, आमच्या वागण्याची चौकशी करायचीच तर सभागृह स्वतः करील, आम्ही समर्थ आहोत. मग अध्यक्ष दीनानाथराव हसून म्हणाले, तसाच ठराव करून टाकू. बाहेरच्या कुणालाही एक कागद द्यायचा नाही. नऊ मिनिटं लागली. हात वर झाले. आणि मागच्या बाकावरून, उभं न राहता, वाघोलीतून निवडून आलेल्या कांताबाई बोलल्या. मंदाकिनीबाईंना ते शब्द पाठ होते, शाळेतली कविता पाठ असते तसे. "माझं घर तपासा की. दोन खोल्या हायेत आन वर पत्रा. लपवायला जागाच न्हाई. ज्यांच्याकडं जागा हाय त्यांनी हात वर करा. माझा हात खाली हाय. तेवढं लिहा, बाई." सभागृहात हशा झाला. दुसऱ्या दिवशी इतिवृत्त तयार झालं, ठराव एकमताने मंजूर.

पूर्वी इतिवृत्तं कपाटात जायची आणि तिथेच निवांत मरायची. पण मंडळाची नवी वेबसाइट झाली होती. कांताबाईंचा पुतण्या प्रज्ञेश मगरपट्ट्यातल्या एका कंपनीत होता, त्यानं ते पान छापून वस्तीत आणलं. मग वस्तीत बोललं गेलं, कांताबाईंनी बी हात वर केला. वाटा मिळाला असंल. हे मंदाकिनीबाईंना कळलं कारण कांताबाईंनी माहिती मागणाऱ्या अर्जातच ते लिहिलं होतं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेल्या सरळ अक्षरात. यंदा धम्मदीक्षेला पन्नास वर्षं होतात. माझ्या सासूबाई तेव्हा नागपूरला गेल्या होत्या, कधी पायी, कधी वाटेत मिळेल ती गाडी धरून. वस्तीच्या विहारात पन्नासाव्या वर्षाचा सोहळा आहे, त्या समितीतून माझं नाव काढलं. मी विरोध केला होता. बाईंच्या वहीत असेल. ती वही दाखवावी. आधी कार्यालयानं कळवलं, वही उपलब्ध नाही. कांताबाईंनी वर अपील केलं. माहिती अधिकाराचा कायदा नवा होता, वर्षही झालं नव्हतं, आणि लोक तो नव्या चपलेसारखा जपून पण हौसेनं वापरत होते. आज तीन वाजता तेच अपील होतं.

घरी अनंतराव दारातच पेपर वाचत बसले होते. निवृत्त शिक्षक, आणि शिक्षकाला निवृत्ती लागू होत नाही. "अर्धा किलो घेवडा? कोण जेवायला येणार आहे, अख्खं मंडळ?" मंदाकिनीबाई तशाच आत गेल्या आणि दिवाणाची फळी उचलू लागल्या. दिवाणाच्या पोटात त्यांच्या वह्या होत्या, एकोणतीस वर्षांच्या. नियमानं इतिवृत्त कायम झाल्यावर सहा महिन्यांनी वही फाडून टाकायची. त्या दर वेळी 'नष्ट केली' अशी सही करायच्या आणि वही पिशवीतून घरी आणायच्या. चोरी म्हणा हवं तर. अक्षर इतकं देखणं असताना ते फाडायचं कसं? "काढताय वाटतं," अनंतराव दारातून म्हणाले. ते सगळं जाणून होते. "बघा बुवा. हरिश्चंद्र सत्य बोलला, पण त्याला पेन्शन नव्हती. आपली चार महिन्यांवर आलीय." "मी अजून काही ठरवलेलं नाही." "ठरवू नका. ठरवलं की चहा करायला विसरता तुम्ही." ते पुन्हा पेपराकडे गेले, पण पान उलटल्याचा आवाज काही आला नाही.

डिसेंबरची वही वरच होती. तारीख, वेळ, उपस्थिती. मेव्हण्यांचा उल्लेख, मतदाराचा अपमान, लोकशाहीचा गळा, सगळं झरझर उमटलेलं, काना-मात्रेचा फरक नाही. पान उलटलं. दीनानाथरावांचं हसणं सुद्धा कंसात होतं. त्यानंतर एक लहानसं वर्तुळ. आणि मग लगेच, ठराव मंजूर. मंदाकिनीबाईंनी मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं, पाठीमागच्या पुठ्ठ्याच्या आत पाहिलं. वर्तुळ ही त्यांची स्वतःची खूण होती. चार-पाच जण एकदम ओरडायला लागले, काही कळेनासं झालं, की त्या वर्तुळ काढायच्या. त्याचा अर्थ गोंधळ. म्हणजे वहीतही नव्हतं. शब्द कानांनी ऐकले, कायमचे ठेवून घेतले, आणि हातानं तिथल्या तिथे, त्याच क्षणी, वर्तुळ काढलं. इतिवृत्त लिहिताना गाळलं, ही नंतरची गोष्ट. दुसऱ्या दिवशी दीनानाथराव टेबलाशी येऊन "बाई, तुमचं इतिवृत्त म्हणजे इस्त्रीची घडी" म्हणाले, ही तर त्याच्याही नंतरची. नऊ महिने त्यांनी मनातल्या मनात दीनानाथरावांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं, आणि त्या माणसानं, इतर बाबतींत कितीही खाल्लं असो, ह्या बाबतीत बोटही हलवलं नव्हतं. मंदाकिनीबाईंनी वही मिटली. त्या दिवाणाच्या कडेवर बसल्या.

का? हा प्रश्न त्या पहिल्यांदाच खरा विचारत होत्या. सदस्यानं लेखनिकाशी थेट बोलायचं नसतं, अध्यक्षांना उद्देशून बोलायचं असतं, आणि उभं राहून. कांताबाई बसून बोलल्या, आणि बोलल्या त्या थेट मंदाकिनीबाईंशी. हा नियम खरा होता. पण ह्याच नियमाच्या चिंधड्या उडवणाऱ्या वीस जणांची भाषणं ह्याच वहीत टापटीप लिहिलेली होती. मग दया. बिचारीचं उगाच हसं होतंय, कागदावर आलं तर वर्षानुवर्षं हसतील, म्हणून आपण वाचवलं. ही दया त्यांनी बराच काळ उराशी बाळगली होती, तिला हात लावला की ऊब यायची. आता लावला तर ती गार होती. कुणी सांगितलं होतं वाचवायला? ती बाई तर लिहा म्हणत होती. मग भीती? भीती दीनानाथरावांची असती तर ती आधी वाटायला हवी होती, आणि त्या क्षणी तर त्यांचं लक्षही दीनानाथरावांकडे नव्हतं. त्यांचं लक्ष कुठे होतं? मंदाकिनीबाईंनी डोळे मिटले आणि ते सभागृह पुन्हा भरू दिलं. पंख्याचा आवाज, बिस्किटांच्या बशा, 'पत्रा' म्हटल्यावर पुढच्या बाकावरून आलेलं फिदीफिदी. 'तेवढं लिहा, बाई' म्हटल्यावर एकोणतीस तोंडं त्यांच्याकडे वळली, हसत, आता ही काय करते बघू अशी. आणि त्यांच्या स्वतःच्या तोंडावर काय होतं? गालाचे स्नायू आठवतात माणसाला. त्या हसल्या होत्या. त्या एकोणतीस जणांकडे बघून, आपणही त्यांच्यातल्याच, असं समजुतीचं, पेठेतलं, लहानसं हसू. हसता हसता हात फिरला आणि वर्तुळ झालं. लोकांनी बंगल्यांसाठी केलं, शेतांसाठी केलं. त्यांनी फुकट केलं होतं. एक पेढासुद्धा खाल्ला नव्हता. हेच त्यांना सगळ्यात लाजिरवाणं वाटलं आणि त्या रडल्या, आवाज न करता, कारण अनंतराव बाहेरच होते.

दोन वाजता कार्यालयात पोचल्या तर निरोप होता, अध्यक्ष बोलावतात. दीनानाथराव खुर्चीतून उठले, स्त्रीदाक्षिण्य त्यांच्याकडे भरपूर होतं. "या बाई. घेवड्याची भाजी छान होते ह्या दिवसात," असं काहीतरी म्हणाले, पिशवी बघून. भाजीची पिशवी आपण घरी ठेवलीच नाही हे मंदाकिनीबाईंच्या तेव्हा लक्षात आलं. तिच्यातच वही होती. "ती वही नियमाप्रमाणं नष्ट झाली असणार. नाही का? नियम तर आपणच आम्हाला शिकवलेत. नाही म्हणजे, सांभाळून ठेवली असली तर मग नष्ट केली अशी सही का केली, हा प्रश्न येणार. निवृत्तीच्या तोंडावर असले प्रश्न बरे नव्हेत. आम्ही काय, आम्हाला प्रश्नांची सवय आहे." ते मनापासून हसले. त्यांनी धमकी दिली नव्हती, सल्ला दिला होता, आणि तो चांगला सल्ला होता. शिवाय आता तो खराही होता. वहीत काही नव्हतंच. नष्ट झाली म्हटलं तर कांताबाईंना निदान वाटेल, की होतं पण गेलं. वही उघडली तर तेवढंही वाटणार नाही. आणि तिसरा एक मार्ग होता, तो मंदाकिनीबाईंना जिन्यात सुचला. वही उघडायची आणि वर्तुळावर बोट ठेवून सगळे शब्द वाचून दाखवायचे. कोण ओळखणार? त्यांच्याबिगर कुणालाच ती लिपी येत नव्हती. शब्द खरे, बाई खरी, घडलं ते खरं. फक्त कागद खोटा. आयुष्यभर कागद खरा आणि माणसं खोटी असं लिहिलं, एकदा उलट करायला काय हरकत आहे?

सुनावणी उपसचिव अनिरुद्ध खांबेट्यांच्या खोलीत होती. खांबेटे तरुण होते, सभ्य होते, आणि त्यांची बढती ह्याच मंडळाच्या हातात होती. कांताबाई खुर्चीच्या कडेवर ताठ बसलेल्या. "वही उपलब्ध आहे का?" खांबेट्यांनी विचारलं, 'नाही' असं उत्तर लिहायला पेन्सिल हातात धरून. मंदाकिनीबाईंनी घेवड्याखालून वही काढून टेबलावर ठेवली. खांबेट्यांची पेन्सिल खाली आली. "वाचा मग." त्या वाचू लागल्या. आवाज सुरुवातीला बसला, मग खणखणीत झाला. मतदाराचा अपमान झाला, गळा घोटला गेला, अध्यक्ष हसले. बोट वर्तुळावर आलं. कांताबाई किंचित पुढे झुकल्या. त्या झुकण्यात इतका विश्वास होता, की मंदाकिनीबाईंचं तोंड ते शब्द वाचायला उघडलं सुद्धा. पण मग हे पुन्हा कांताबाईंसाठी ठरवणं झालं असतं, त्यांना न विचारता, त्यांच्या भल्याचं. "इथे मी गोंधळ अशी खूण केलीय," त्या म्हणाल्या. "गोंधळ नव्हता. एक बाई बोलत होत्या, बाकी सगळे हसत होते." आणि मग त्यांनी वही मिटली आणि ते शब्द म्हटले, पहिल्यापासून शेवटपर्यंत, जसेच्या तसे. हायेत म्हणाल्या, न्हाई म्हणाल्या, आन म्हणाल्या. इतकी हुबेहूब नक्कल त्यांनी जन्मात केली नव्हती, आणि म्हणताना कुठेतरी, लाज वाटेल इतका, कौशल्याचा आनंदही झाला.

मग खांबेट्यांनी विचारलं, "हे गाळायला तुम्हाला कुणी सांगितलं?" प्रश्न हळू विचारला होता. एक नाव घेतलं असतं तर निम्मा भार उतरला असता. "कुणी नाही," मंदाकिनीबाई म्हणाल्या, "सगळे हसले. मीही हसले. हसताना लिहिता येत नाही." खांबेट्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट सुटका दिसली, आणि ती बघूनच मंदाकिनीबाईंना कळलं की आपल्या खरेपणानं कुणाचं भलं झालं. खांबेट्यांनी लिहायला घेतलं, मोठ्यानं उच्चारत. लेखनिकाकडून अनवधानाने नोंद राहून गेली. "अनवधानानं नाही." "बाई, ते आपल्याच सोयीचं आहे." "आणि ठराव?" मंदाकिनीबाईंनी विचारलं. "ठराव कायम. 'एकमताने' ऐवजी 'बहुमताने'. एका शब्दाची दुरुस्ती. वेबसाइटवर यथावकाश होईल." यादी कुणी देणार नव्हतं, समिती बसणार नव्हती, साडवांची शेतं जिथल्या तिथे राहणार होती. एकोणतीस जणांच्या वागण्यावर बोट ठेवायला निघालेलं प्रकरण एका लघुलेखिकेच्या चुकीवर येऊन मिटलं होतं, आणि ती चूक खरंच तिची होती. वही नष्ट केल्याची खोटी सही, त्याचा खुलासा लेखी मागवला जाईल, तोवर पेन्शनचे कागद थांबतील, असं खांबेटे फार सभ्यपणे म्हणाले. मंदाकिनीबाईंनी मान हलवली. हे सगळं होणार हे त्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते एवढंच, की कबुली दिल्यावर हलकं वाटतं म्हणतात ते खोटं आहे.

बाहेर व्हरांड्यात कांताबाई दुरुस्तीचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालत होत्या. मंदाकिनीबाई जवळ जाऊन उभ्या राहिल्या. काय म्हणावं हे त्यांनी जिन्यापर्यंत दोनदा मनात लिहून खोडलं होतं. "मला वाटलं होतं, तुमचं हसं होऊ नये म्हणून," त्या म्हणाल्या आणि थांबल्या, कारण हे खोटं होतं आणि तेही त्या नीटनेटकं करूनच बोलत होत्या. "नाही. माझी चूक झाली. मला माफ करा." कांताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. राग नव्हता, पण ज्याची मंदाकिनीबाई वाट बघत होत्या तेही नव्हतं. "नऊ महिने वस्तीत कुनी माझ्या हातचा चहा घेतला न्हाई, बाई. सासूबाई म्हनायच्या, भीमाच्या लेकरानं खोट्याला हात वर करू नये. त्यांचा फोटो भितीवर हाय, त्याच्याकडं बघाया मला लाज वाटायची, आन मी काय बी केलं नव्हतं." त्यांनी पिशवीची गाठ मारली. "हा कागद आमच्यात कोन वाचनार? परवा रविवारी विहारात समद्यांची बैठक हाय. तिथं येऊन सांगा."

मंदाकिनीबाईंना ते डोळ्यांपुढे दिसू लागलं. विहार, वाघोली, चटईवर बसलेली दोनशे माणसं, आणि त्यांच्यापुढे उभ्या आपण. एकोणतीस वर्षं त्या सभेत बसल्या होत्या आणि एकदाही सभेत बोलल्या नव्हत्या. "मी सगळं सविस्तर लिहून दिलं तर चालेल का?" त्यांनी विचारलं, आणि विचारताच त्यांचे कान तापले. कांताबाईंनी पिशवी काखेत मारली. खाली रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या एकामागून एक हॉर्न वाजवत होत्या. "किती वाजता?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"धा वाजता," कांताबाई म्हणाल्या आणि दोन पायऱ्या उतरून वळल्या. "आन बाई, तिथं माझ्यावानी बोलून दाखवू नका. तुमच्या भाषेत सांगा. चूक तुमची हाय."